सात रिकामे चौकोन

मला सगळ्या घड्याळबाई म्हणायच्या. कौतुकाने नव्हे, कुचेष्टेने. बारा वाजायला आले की कोणीतरी मुद्दाम ओरडायचं, "उठा गं, घड्याळबाईंचा गजर झाला!" आणि चहाचे कप हातात धरून सगळ्या फिदीफिदी हसायच्या. मी उठायचेच. हसून घ्या म्हटलं. हसण्याने कोणाची पाठ वाचली असती तर मीही बसून हसले असते.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात मी आया होते. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही अशी माणसं तिथे असतात. असा माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाखालची कातडी दबते. आधी लाल होते, मग काळी पडते, मग आतून कुजायला लागते. म्हणून दर दोन तासांनी त्याला वळवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक चार्ट अडकवलेला असतो. त्यावर दिवसाचे बारा चौकोन. आठ, दहा, बारा, दोन, चार, असे रात्रंदिवस. वळवलं की त्या वेळेच्या चौकोनात टिक करायची. काम म्हणाल तर एवढंच. पण एवढंच काम करून माझी कंबर संध्याकाळी अशी धरायची की घरी जाऊन चप्पल काढायला वाकता यायचं नाही.

ही नोकरी मला माझ्या नणंदेने दिली. नवरा गेला तेव्हा मुलगी दहावीत होती आणि माझ्या हातात शिक्षण म्हणाल तर शून्य. सासरच्यांनी दोन दिवस डोळे पुसले आणि तिसऱ्या दिवशी पाठ फिरवली. वन्संनी मात्र तसं केलं नाही. त्या या केंद्रात चौदा वर्षं होत्या, आयांच्या प्रमुख होत्या. त्यांनी मॅनेजरपुढे शब्द टाकला आणि मला हाताला धरून आत नेलं. हे उपकार मी विसरलेले नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणाला वाटेल की ही बाई कृतघ्न आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पहिल्या दिवशी सकाळी आठला त्यांनी मला काम दाखवलं. पेन घेतलं, एका पलंगापासून दुसऱ्या पलंगाकडे गेल्या आणि आठही चार्टवर आठ ते चारच्या पाचही चौकोनांत भराभर टिका केल्या. चाळीस टिका. भाजी चिरावी तसा हात चालत होता.

"हे एकदा उरकलं की दिवसभर डोक्याला ताप नाही," त्या म्हणाल्या.

"आणि वळवायचं कधी?" मी विचारलं.

"जमेल तसं. सकाळी अंग पुसताना वळतातच की." मग माझं तोंड बघून त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, एका हॉलला दोन बायका आणि आठ माणसं. त्यातला एकेक बघ केवढा धिप्पाड आहे. मीही पहिली दोन वर्षं घड्याळ बघून वळवलं हो. काय मिळालं? हा पट्टा मिळाला." त्यांनी साडीखालचा कंबरेचा पट्टा दाखवला. त्यांचं खोटं नव्हतं. सकाळी खुर्चीतून उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकून माझ्याच कंबरेत कळ यायची.

तीन आठवडे मीही तसंच केलं. उगाच सोवळेपणा कशाला दाखवू? आठला टिका, मग जमेल तसं. चौथ्या आठवड्यात सिस्टरने मला जखम धुताना बॅटरी धरायला बोलावलं. सहाव्या पलंगावरचा माणूस होता. माकडहाडावरची पट्टी तिने काढली आणि मला आत हाड दिसलं. पांढरं. माणूस जिवंत, डोळे उघडे, आणि त्याचं हाड मला दिसतंय. मी बाहेर जाऊन ओकले. परत आले तेव्हा सहज त्याचा आदल्या दिवसाचा चार्ट बघितला. बाराच्या बारा टिका होत्या, आणि त्यांतल्या पाच माझ्या हातच्या.

त्या दिवसापासून मी एकच ठरवलं. वळवलं तरच टिक. आणि टिकेखाली कूस लिहायची, डावी असेल तर "डा", उजवी असेल तर "उ", पाठ असेल तर "पा". नाही जमलं तर चौकोन रिकामा. आम्ही पलंग वाटून घेतले, चार वन्संचे, चार माझे. त्यांच्या चारांत त्या काय करतात ते मी कधी विचारलं नाही. माझ्या चारांत मला कोणी विचारू नये, एवढंच म्हणणं होतं. पण लोकांना तेही सोसत नाही. तुम्ही गप्प राहून आपलं काम नीट केलं ना, की बाकीच्यांना वाटतं तुम्ही त्यांच्या तोंडावर थुंकलात.

"शहाणे, मॅनेजरने चार्ट बघितले तर तुझेच रिकामे दिसतील," वन्सं एकदा वैतागून म्हणाल्या. "काम तू जास्त करतेस आणि कागदावर आळशी तूच ठरतेस. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग भर की!"

"जे केलं नाही ते कसं भरू?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "माझा भाऊ असाच होता. सरळ चालायला जायचा आणि खांबावर आपटायचा."

माझ्या चारांत दोघं माझी लाडकी होती. एक कंडक्टर. चाळीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस. अर्धं अंग गेलं होतं, बाकी सगळं विसरला होता, पण अंगाखालची आडवी चादर धरून त्याला ओढलं की न चुकता म्हणायचा, "पुढे चला, पुढे चला, मागे जागा आहे!" आणि दुसरी शिंपीण आजी. तिचे दोन्ही पाय लुळे पडलेले, हात थरथरणारे, पण नजर अजून टेपसारखी. कोणी जवळ आलं की आधी शिवण बघायची. मॅनेजर एकदा तपासणीला आला तर त्याची कॉलर उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "रेडिमेड आहे. शर्टही." मॅनेजरला समजायला वेळ लागला, तोपर्यंत मी पडद्यामागे जाऊन हसून घेतलं. मला म्हणायची, "तुझा डावा खांदा उतरलाय गं. एकाच बाजूने ओझं उचलतेस. मला ओढताना पाय बदलत जा." मी पाय बदलायला लागले आणि खरंच थोडा आराम पडला. तिच्या अंगावर दोन वर्षांत एक ओरखडा मी उमटू दिला नव्हता. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला कंडक्टरला ठसका लागला. वन्संनी दूध पाजलं होतं, ते चुकीच्या नळीत गेलं. ओठ निळे पडले. सिस्टर धावली, मी त्याला उठवून धरलं, पाठ थोपटली, नळीने ओढून काढलं. डॉक्टर येईपर्यंत मी त्याला छातीशी टेकवून बसवून ठेवलं. तो श्वास घ्यायला लागला तेव्हा पावणेबारा झाले होते. आजी त्या वेळात डाव्या कुशीवरच राहिली. आठपासून बारापर्यंत, चार तास. मी बाराला तिला वळवलं, कंबर बघितली, तेल लावलं. दहाचा चौकोन रिकामा ठेवला. चार वाजता निघताना पुन्हा बघितली. लाल ठिपकासुद्धा नव्हता. मी चार्टच्या कडेला लिहिलं, "कंबर ठीक."

त्या संध्याकाळी मला ताप भरला. शुक्रवार, शनिवार, रविवार मी घरी पडून होते. सोमवारी गेले, आजीला वळवायला चादर ओढली, आणि वास आला. उजव्या खुब्यावर तळहाताएवढा काळा डाग होता. मधोमध कातडी फुटली होती.

"तीन दिवस," आजी म्हणाली. डोळे मिटूनच होते. "मी हाका मारल्या गं. कोणी वळवलं नाही."

मी चार्ट उचलला. शुक्रवार, शनिवार, रविवार. छत्तीस चौकोन, छत्तीस टिका. एकीखालीही "डा" नाही, "उ" नाही. मी तो चार्ट घेऊन वन्संसमोर उभी राहिले. तो त्यांच्या तोंडासमोर धरला.

"बदली बाई आली नाही," वन्सं म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "आठही जणांना एकटी होते मी. माझी कंबर बघ आणि मग बोल."

"मग टिका कशाला केल्या, वन्सं? रिकामे ठेवले असते तर संध्याकाळच्या बायकांना कळलं असतं, सिस्टरला कळलं असतं की आजी पडून आहे!"

"संध्याकाळच्या बायका बघतात होय चार्ट? त्याही भरूनच बसतात."

तेही खरंच होतं.

पुढचे दिवस मी आजीला त्या खुब्यावर टेकू दिलं नाही. दोन तास कसले, तासाला वळवत होते. पण एकदा आत शिरलेला विषार बाहेरून पुसून जात नाही. नवव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला, मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांत ती गेली. जखमेतून रक्तात विष भिनलं, असं तिथल्या कागदावर लिहून आलं.

आजीचा मुलगा शाळेत गणित शिकवायचा. दर रविवारी यायचा, आईच्या पायांशी बसून वह्या तपासायचा. नेमके शेवटचे दोन रविवार परीक्षेच्या कामामुळे त्याचे चुकले होते. त्याने केंद्राला पत्र लिहिलं की मला महिनाभराचे सगळे चार्ट बघायचे आहेत आणि माझ्या आईची काळजी घेणाऱ्यांशी समोरासमोर बोलायचं आहे. येत्या बुधवारी अकरा वाजता येतो.

बुधवारी नऊला मॅनेजरने मला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर आजीचे चार्ट पसरलेले. शेजारी एक पेन, टोपण काढून ठेवलेलं.

"बसा," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला बसायला सांगितलं. "हे बघा. या अख्ख्या महिन्यात सगळे चौकोन भरलेले आहेत. सगळ्यांचे. फक्त तुमचे सात रिकामे आहेत."

"हो. सात."

"आता तो माणूस येणार. गणिताचा आहे, मोजणार. आणि जखम होण्याच्या आदल्या दिवशीच, गुरुवारी, दहाचा चौकोन रिकामा. त्याला काय दिसेल, तुम्हीच सांगा."

"जखम शुक्रवार ते रविवारात झाली साहेब. मी गुरुवारी चारला—"

"ते मला नका सांगू." त्याने हात वर केला. तो ओरडला नाही, उलट समजुतीने बोलत होता. त्यामुळे तर जास्त भीती वाटली. "मला कोणाला दोषी ठरवायचं नाहीये. सात टिका करा. दहा सेकंदांचं काम. मग सगळेच चार्ट पूर्ण, कोणाचीच चूक नाही, वय झालं होतं, विषय संपला. तुमची नोकरी राहील, तुमच्या नणंदेची राहील. नाही केलंत तर मला काहीतरी करून दाखवावं लागेल. आणि कागदावर एकच नाव आहे."

दारात वन्सं उभ्या होत्या. कधी आल्या कळलंच नाही. "अगं, कर," त्या म्हणाल्या. "पोरीचं बारावीचं वर्ष आहे. तिच्याकडे बघून कर. मी तुझ्या पाया पडते."

मी खोटं सांगणार नाही. मी पेन उचललं. गुरुवारचा कागद पुढे ओढला आणि दहाच्या चौकोनात पेन टेकवलं. मनात म्हटलं, त्या चार तासांत मी झोपा काढत नव्हते. एका माणसाचा जीव वाचवत होते. एक टिक करायचा हक्क मला नाही का? बाकीच्यांनी हजारो केल्या, मी सात केल्या तर कोणतं आभाळ कोसळणार आहे? आणि आजी तर गेलीच आहे. तिला आता कोणती कूस आणि कोणती पाठ!

पेन तसंच टेकून राहिलं. पण हात पुढे सरकेना. ते सात मला एकेक करून आठवत होते. त्या सात वेळा एक म्हातारं माणूस माझी वाट बघत पडलं होतं आणि मी आले नाही. कारण काहीही असो, आले नाही. त्या वेळी ते एकटं होतं, याची एवढी एकच नोंद साऱ्या जगात होती आणि ती माझ्या हाताखाली होती.

मी पेन ठेवलं. "नाही जमणार साहेब."

वन्संनी एक शिवी हासडली. माझ्या नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं.

अकराला तो आला. आमच्या जेवणाच्या खोलीत लांब टेबलाभोवती आम्हाला बसवलं. मॅनेजर, सिस्टर, वन्सं, संध्याकाळच्या दोघी आणि मी. तो एकटाच होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. आजीने बघितलं असतं तर आधी तेच नीट केलं असतं, असं माझ्या मनात आलं.

त्याने एकेक कागद उलटवत बोटाने मोजलं. त्याला पंधरा मिनिटं लागली.

"सात," तो म्हणाला. "सगळ्या महिन्यात सात. हे कोणाचे?"

"माझे," मी म्हटलं.

"का?"

मी सांगितले. सातही. तिसऱ्या तारखेला दोन वाजता पाणी गेलं होतं आणि मी बादल्या आणत होते. आठ तारखेला बाराला समोरची दुसरी एक म्हातारी पलंगावरून खाली पडली. मग अकरा तारखेला, चौदा तारखेला, सतरा तारखेला दोनदा. आणि गुरुवारचा, कंडक्टरचा. तो ऐकत होता. मध्येच कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "तुमच्या टिकांखाली अक्षरं आहेत. बाकीच्यांच्या नाहीत."

"ती कूस आहे, सर. कोणत्या बाजूला ठेवलं ते."

त्याने हळूच वन्संकडे पाहिलं. याला कळतंय, हा माणूस हुशार आहे, याला कळणार, असं वाटलं.

"शुक्रवार ते रविवार," त्याने मला विचारलं, "या टिका खऱ्या आहेत का?"

मी आदल्या रात्री ठरवलं होतं की आपण आपल्यापुरतं बोलायचं, दुसऱ्याचं काढायचं नाही. पण त्याने सरळ विचारलं होतं, आणि त्याची आई तीन दिवस हाका मारत होती.

"त्या तीन दिवसांत मी नव्हते," मी म्हटलं. "पण मी असते तेव्हा बघते. दिवसभराच्या टिका सकाळी आठलाच होतात."

"खोटं आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज कापला, पण म्हणाल्या.

"खोटं आहे," संध्याकाळची एक म्हणाली. मग दुसरी. सिस्टरने मान खाली घातली आणि नखं बघत बसली. खरं म्हणाली नाही, खोटंही म्हणाली नाही.

त्याने पुन्हा गुरुवारचा कागद उचलला. उजेडाकडे धरला.

"दहाच्या चौकोनात हा शाईचा ठिपका कसला?"

मी तो विसरलेच होते. पेन टेकवलं होतं तिथे शाई उतरली होती. मॅनेजर पुढे सरसावला, "तो असाच कधीतरी—"

"मी त्यांना विचारतोय."

'असाच' म्हटलं असतं तर निभावलं असतं. मलाही ते माहीत होतं. "मी आज सकाळी टिक करायला पेन टेकवलं होतं," मी म्हटलं. "मग नाही केली."

"म्हणजे तुम्ही खोटं भरायला निघाला होतात."

"हो."

"मग हे 'कंबर ठीक' आजच लिहिलं नसेल कशावरून? ही डा, उ कशावरून खरी? या बायकांवर तुम्ही जे ढकलताय ते तरी कशावरून?" त्याचा आवाज चढत गेला आणि मध्येच फुटला. "माझी आई तुमचं नाव काढायची. दर रविवारी. घड्याळबाई आहे म्हणून मी आहे, म्हणायची. आणि तुम्ही तिला चार तास टाकून दिलंत. वर चौकोन रिकामा ठेवलात, जसं काही त्याने सगळं धुऊन निघतं!"

मला पुष्कळ बोलता आलं असतं. पण चार तास टाकलं होतं हे खरं होतं. त्या खोलीत केंद्राचं जे कोणी बसलं होतं त्यांतल्या कोणालाच त्याबद्दल रडू येत नव्हतं. मला येत होतं.

"हो, सर," मी म्हटलं. "ते चार तास माझे आहेत."

तो कागद टेबलावर टाकून निघून गेला. मॅनेजरने दाराकडे बघत सांगितलं, "पिशवी घ्या आणि निघा. लेखी पत्र घरी येईल. या कामाला पुन्हा कुठे घेणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा." त्यात राग नव्हता. त्याला हवं ते नाव मिळालं होतं.

मी हॉलमध्ये पिशवी घ्यायला गेले. भिंतीवर बारा वाजत होते. कोणी उठलं नाही. बदली बाई खिडकीत उभी राहून फोनवर बोलत होती. कंडक्टर सकाळपासून डाव्या कुशीवर होता. दहाला मी वळवला नव्हता, कारण साहेबांनी नऊपासून मला आत बसवून ठेवलं होतं.

मी पिशवी खाली ठेवली. चादर धरली, पाय बदलला, ओढलं.

"पुढे चला," तो म्हणाला. "मागे जागा आहे."

"चला हो," मी म्हटलं. उशी गुडघ्यांत घातली, टाचा उचलल्या, खुबा बघितला. थोडा लाल होता. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला, म्हणजे अजून वेळ होता.

वळले तर वन्सं मागे उभ्या. डोळे सुजलेले.

"आता तुझा काय संबंध इथे?" त्या म्हणाल्या.

"बारा वाजले होते."

"मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," त्या एकदम बोलल्या. "दोनच. कुठे गेले असते मी ही कंबर घेऊन? सांग ना."

मला त्यांची कीव आली आणि त्यांच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही एकाच वेळी. मी फक्त एवढंच म्हटलं, "खुबा लाल आहे, वन्सं. दोन वाजता पाठीवर घ्या. विसरू नका. त्याच्या खुब्यावर हात ठेवून बघा, गरम लागतोय."

त्यांनी हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. "पाठीवर," त्या म्हणाल्या.

"दोन वाजता."

"हं."

मी चार्ट घ्यायला गेले, सवयीने. मग लक्षात आलं की माझी टिक आता चालत नाही. तसंही भरायला काही उरलं नव्हतं. मला साहेबांनी आत बोलावलं तेव्हाच कोणीतरी माझ्या चारही पलंगांचं काम उरकून टाकलं होतं. दहा, बारा, दोन, चार. सगळ्या टिका झालेल्या.

घरी आले. पोरगी कॉलेजात होती. तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. दोनला पाच मिनिटं असताना माझे पाय आपोआप उठले आणि मी स्वयंपाकघराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. वन्सं उठल्या असतील का? त्यांनी हात ठेवला होता, गरम लागलं होतं, "हं" म्हणाल्या होत्या. की खुर्चीत बसून कंबर धरली असेल आणि म्हटलं असेल, जाऊ दे, चारला बघू? मी दोन्ही हातांनी ओटा धरला आणि घसा फाटेस्तोवर रडले. आजीसाठी, त्या चार तासांसाठी, आणि त्या म्हाताऱ्यासाठी, जो पुढे चला म्हणायला कोणीतरी चादर ओढायची वाट बघत होता.

दोन वाजले, मग अडीच. त्याला वळवलं की नाही हे संध्याकाळच्या बायकांना कळणार नव्हतं, सिस्टरला कळणार नव्हतं, मला तर नाहीच. दोनच्या चौकोनात टिक सकाळीच पडलेली होती.